भेटीच्या पाटाची हकीकत

श्रीकृपा असो, ऐकणारांचीं घरें भरलेलीं असोत. शके सोळाशें एकावन्न, सौम्य नाम संवत्सरीं, वैशाखमासीं एके राज्यांत साथ उद्भवली. एकाचा श्वास दुसऱ्यास लागतां दोघेही अंथरूण धरीत. तेव्हां महाराजांनीं स्थपती गिरमाजीपंत यांस बोलावून आज्ञा केली कीं, "नगर ऐसें मांडा कीं लोकांचें चालावें आणि कोणी कोणास खेटूं नये." मग पंतांनीं बाजार उठवून नदीकांठचे माळावर दूर दूर पालें ठोकविलीं, आणि रस्त्याची एक बाजू जाण्यास व दुसरी येण्यास नेमिली, आणि देवळाचे मंडपांत उभें राहण्यास चुन्याचीं वर्तुळें काढविलीं. साथ आवरूं लागली, परंतु लोक झुरूं लागले. खुद्द पंतांची कन्या तुंगाबाई पलीकडील पेठेंत दिली होती, आणि त्या पेठेचा नाका बंद होता. ती तेथेंच बाळंत जाहली, पुत्र जाहला, ऐसा निरोप आला. पंत दरबारीं जाऊन बोलिले, "महाराज, लोकांनीं खेटूं नये इतकें केलें. त्यांस भेटूं द्यावें, तें राहिलें." महाराज म्हणाले, "करा."

मग पंतांनीं नाक्यावर समोरासमोर दोन ओटे बांधिले, आणि मधून वाहत्या पाण्याचा रुंद पाट सोडिला, आणि वर मांडव घातला. लोक दोहींकडे बसून बोलूं लागले. पंतही नित्य सकाळीं जात, आणि तुंगाबाई मूल उंच धरून दाखवी.

"कोणावर गेला आहे?" पंत पुसत.

"नाक तुमचें आहे, आबा."

"येथून दिसत नाहीं."

"मग पाट अरुंद करावयाचा होता."

अंतर पंतांनींच वैद्यांस पुसून नेमिलें होतें, तें लेकीसाठीं बोटभरही कमी करवेना. पुढें मूल त्यांस ओळखूं लागलें. त्यांनीं टाळी वाजवितां पलीकडे हंसे.

मार्गशीर्षांत साथ सरली आणि पाट बुजविला. तुंगाबाई चालत अलीकडील ओट्यावर आली आणि तिनें मूल पंतांचे मांडीवर ठेविलें. इतकें जवळ तें तोंड पाहून मूल भ्यालें आणि रडूं लागलें, कांहीं केल्या राहीना. मग पंतांनीं त्यास आईकडे दिलें, आणि जाऊन समोरचे ओट्यावर बसले, आणि टाळी वाजविली. मूल हंसलें.

तुंगाबाई म्हणाली, "आबा, हळूहळू या."

तेव्हांपासून पंत रोज थोडें पुढें सरकून बसत. ऐसे माघमासीं मांडीपाशीं पोहोंचले, आणि नाक आपलेंच आहे ऐसें त्यांनीं पाहिलें. साथीचें वर्तमान इतकेंच.