भुताच्या तळ्याची पाटी

सोसायटीच्या फाटकाशी रविवारी पाटी लागली आणि सोमवारी विमलबाईंनी संध्याकाळच्या भांड्यांना यायचं बंद केलं.

पाटी मधुकर सरांची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सर घणसोलीतल्या जुन्या शेतांची, तळ्यांची नावं गोळा करत होते. सेक्टरचे आकडे पडण्याआधी इथे काय होतं, ते लोकांना कळावं एवढीच इच्छा. दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ते मुलांना हाच इतिहास सांगत. मुलं येत तीन. पण सरांचा सगळा आठवडा त्या तिघांसाठी असे. त्यांनीच रंगवून, मुलांना वाचता यावी अशी बुटकी, जमिनीत रोवलेली ती पाटी सांगत होती : ‘या जागेचे जुने नाव – भुताचे तळे.’

“सर, दिवं लागल्यावर म्या येनार न्हाई बगा,” विमलबाईंनी जिन्यातच सांगितलं.

“अहो, तळं केव्हाच बुजलं. आणि तुमचं काम तिसऱ्या मजल्यावर!”

“मंग? भुताला जिना चढता येत न्हाई व्हय?”

सरांनी घरी जाऊन सगळ्या टिपणवह्या चाळल्या; भुताच्या जिन्याची नोंद कुठेच नव्हती. मंगळवारी बाकीच्या बायकांनी विमलबाईंची री ओढली. बुधवारी रात्रपाळीच्या वॉचमनला अचानक गावची आठवण आली. गुरुवारी सेक्रेटरी प्रसाद करंबेळकर दारात उभे राहिले. तीन दिवस घरची कढई घासून त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

“काय हे टेन्शन दिलंत, सर! रविवारपर्यंत भूत गेलं पायजे. नायतर हॉलची चावी विसरा, वर्ग बंद!”

सर तडक गावात सिताराम आप्पांकडे गेले. तळं एकेकाळी आप्पांच्याच घरचं. ऐकून आप्पा पोट धरून हसले.

“भूत कुठला, मास्तर! माज्या बापानं उठवलेला. तल्यान जिताडं होती, पोरा चोरून न्यायाची. बापानं सांगला, तल्यान भूत हाय. मंग एक मासली गेली नाय!”

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भूत बाई की बुवा, हे कळावं म्हणून विमलबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. सरांनी जिताड्यांची हकीकत सांगितली.

“म्हंजी उगंच घाबरले की मी!” म्हणून विमलबाई उठल्या, त्या थेट भांड्यांकडे.

मुलांनी पाटीवर खाली दुसरी ओळ रंगवली : ‘हे भूत मासे राखण्यासाठी उठवलेले होते.’ रंग ओला असतानाच प्रसादराव धावत आले.

“सर, ती ओळ पुसा की! आठवडाभर फाटकात बाहेरचा एक टेम्पो लागला नाय. कचरा नाय. जास्वंदीची फुलंसुद्धा झाडावरच! आपल्या लोकांना कळलं ना? बास झालं. बाहेरच्यांना कशाला सांगताय?”

“प्रसादराव, मुलं बघताहेत. खरं तेच लिहायचं.”

प्रसादरावांनी मुलांकडे पाहिलं आणि हॉलची चावी सरांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाटीसमोर क्रोटनची एक भली मोठी कुंडी आली. पहिली ओळ तेवढी पानांच्या वर राहिली.

आता वर्गाला वीस मुलं येतात. दर रविवारी ती कुंडी बाजूला सरकवतात आणि दोन्ही ओळी मोठ्यानं वाचतात. प्रसादराव शेजारी हात बांधून उभे असतात.

“झालं वाचून?” ते विचारतात, आणि कुंडी परत जागेवर ठेवतात.