विनोद पाष्टे यांची प्राधिकृत झोप

मालवाहू ट्रकच्या चालकाने आठवड्यातून एक अख्खा दिवस विश्रांती घ्यावी, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. सरकारचं नाही, गाडीच्या मालकाचं नाही आणि चालकाचं तर मुळीच नाही. आपल्याकडे एखाद्या गोष्टीवर एवढं एकमत झालं की तिच्यासाठी एक कक्ष उघडावा लागतो. त्याप्रमाणे रत्नागिरीत 'साप्ताहिक विश्रांती अनुपालन कक्ष' उघडला आणि विश्रांती निरीक्षक म्हणून भास्कर आठवले तिथे रुजू झाले. विश्रांतीचा अनुभव त्यांनी आधीच्या नोकरीत भरपूर घेतलेला होता.

कक्षाकडे आलेलं पहिलं प्रकरण विनोद पाष्टेचं. विनोद हातखंब्याहून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचा. मोसमात आंबा थांबत नाही, म्हणून विनोदही थांबत नव्हता. मग एका पहाटे परशुराम घाटात त्याचा डोळा लागला. गाडी कठड्याला घासली आणि नशिबाने सरळ झाली. पेट्या शाबूत राहिल्या, त्यामुळे कुणी बोभाटा केला नाही. पण विनोदने लोटे येईपर्यंत गाडी पहिल्या गिअरवरून हलवली नाही, आणि घरी आल्यावर त्याने ते बायकोला सांगून टाकलं.

दर्शना म्हणाली, "आंबे नासले तर पुढल्या साली परत येतील. तुमी नाय येणार. अगोदर निजा."

विनोदला तरी दुसरं काय हवं होतं? पण नुसतं निजून भागत नव्हतं. प्रमाणपत्र नसलेली झोप ही गैरहजेरी, आणि गैरहजर ड्रायव्हरच्या जागी दुसरा बसवायला मालक, म्हणजे बागायतदार यज्ञेश बापट, मोकळे. बापटांचा विश्रांतीला विरोध नव्हता. ती रीतसर व्हावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. विनोदने रीतसर अर्ज केला.

पहिल्या रविवारी तो नेहमीसारखा हातखंब्याला गाडी बाजूला लावून केबिनमध्ये आडवा झाला. आठवल्यांनी काचेवर टकटक करून त्याला उठवलं आणि सौजन्यपूर्वक समजावलं की साप्ताहिक विश्रांती वाहनात घेता येत नाही, कारण वाहनात असलेला चालक हा वाहन चालवत असल्याचं समजण्यात येतं. विनोद मुकाट्याने गाडी घेऊन घरी निघाला. पण घरी जाणं म्हणजे गाडी चालवणं. विश्रांती नामंजूर झाली. नामंजूर झालेली विश्रांती हा कामाचा दिवस धरतात, तेव्हा त्याच संध्याकाळी बापटांनी त्याला भरलेली गाडी देऊन वाशीला पाठवलं.

पुढच्या रविवारी तो घरीच, ओटीवर चटई टाकून निजला. आता, ज्या घरातला माणूस ट्रकवर असतो ते घर गावाचं टपालघर असतं. खाली बांधाशी गाडी उभी दिसली आणि धोंडूकाका नालासोपाऱ्याच्या मुलासाठी फणस घेऊन आले. पाठोपाठ कुणी कुळथाचं पीठ आणलं, कुणी तांदूळ, कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू. विनोदची झोप मोडू नये म्हणून मंडळींनी सगळं अलगद त्याच्या उशाशी रचलं आणि मग, आपण त्याला उठवलं नाही हे त्याला उठवून सांगितलं. एवढ्यात आठवले आले. त्यांनी फणसाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं आणि 'विश्रांतीच्या जागी मालाची चढ-उतार आढळली' असा शेरा मारला. विनोद पुन्हा संध्याकाळी वाशीच्या वाटेला लागला.

तिसऱ्या रविवारी दर्शना काठी घेऊन घरापुढच्या खळ्यात बसली. गावातलं कुणी फिरकलं नाही. कोंबड्यांनीसुद्धा वाट बदलली. आठवले आले तेव्हा विनोद असा घोरत होता की त्यांना दगडी गडग्याबाहेरूनच तपासणी करता आली असती. नियमच होता तसा: तपासणीच्या वेळी चालक प्रत्यक्ष झोपलेला असला पाहिजे. आठवल्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी झोपेचा पंचनामा लिहायला घेतला आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"यांची सही लागेल," ते म्हणाले.

"निजलेत ना ते," दर्शना म्हणाली.

"निजलेत म्हणूनच सही. आपण झोपलेले आहोत, हे त्यांनी लिहून द्यायचं आहे."

तिने काळजावर दगड ठेवून नवऱ्याला हलवलं. विनोदने अर्धवट डोळ्यांनी सही केली. आठवल्यांनी सही नीट न्याहाळली, घड्याळ पाहिलं आणि खिन्न होऊन लिहिलं, 'सहीच्या वेळी चालक जागा आढळला.' निजल्या जागी अंगठा घ्या, असं दर्शनाने सुचवून पाहिलं. पण चालक साक्षर असल्याची नोंद होती, आणि साक्षर माणसाचा अंगठा घेणं ही फसवणूक झाली असती. विनोदने उशी उचलून ठेवली आणि गाडीची चावी घेतली.

आठवले वाईट माणूस नव्हते, हे इथे सांगायला हवं. वाईट माणूस एखादेवेळी नियम वाकवतो. आठवल्यांनी वर पत्र लिहिलं, आणि वरून मार्गदर्शन आलं: एखादं कृत्य स्वतः करणं ज्याला शक्य नाही, त्याने त्यासाठी दुसऱ्याला प्राधिकृत करावं. घर विकताना चालतं, मत मांडताना चालतं, मग झोपेने काय घोडं मारलंय? विनोदने एक प्राधिकृत निद्रिस्त नेमावा. त्याने झोपावं आणि विनोदने जागं राहून सही करावी.

उमेदवार घरातच होता. दर्शनाचा भाऊ रितेश शिमग्याला मुंबईहून आला होता आणि चांगली संधी येईपर्यंत परत जाणार नव्हता. बहुधा ती झोपेत येईल असा त्याचा अंदाज असावा. चौथ्या रविवारी त्याने विनोदच्या चटईवर, विनोदच्या उशीवर डोकं टेकलं आणि तो पाहता पाहता कर्तव्यावर रुजू झाला. विनोद शेजारी बसून सुपाने त्याच्या माश्या वारत होता. दुपारी विनोदची मान एकदा खाली गेली, तेव्हा आठवल्यांनी त्याला खांद्याला धरून हलवलं. एका विश्रांतीवर दोघांना झोपता येत नाही.

उन्हं उतरल्यावर रितेश उठला, कडाकडा आळस दिला आणि आपुलकीने विचारता झाला, "भावजी, आता बरं वाटतंय ना तुम्हाला?"

विश्रांती मंजूर झाली. प्रमाणपत्रावर शिक्का बसतो न बसतो तोच बापटांचा फोन आला. विनोद आता पूर्ण विश्रांत असल्याचं त्यांनाही कळलं होतं आणि ते खूश होते. एवढ्या ताज्यातवान्या ड्रायव्हरला पाठोपाठ दोन खेपा द्यायला आता कायद्याचीही हरकत नव्हती. आजच भरून निघ, असं त्यांनी सांगितलं.

दर्शना आठवल्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. 

"सायब, मानूस दिवसभर जागा हाय. तुमचा कागद निजला. घाटात गाडी कोन चालवनार, कागद?"

"वहिनी," आठवले हळू आवाजात म्हणाले, "रस्त्यात कागदच बघतात." आणि जाताना त्यांनी ठाण्यातल्या आपल्या मुलीसाठी कोकमाच्या सोलांची एक पुडी विनोदच्या हाती दिली. एका पुडीला चढ-उतार म्हणत नाहीत.

विनोद निघाला. संगमेश्वर गेलं, सावर्डे गेलं, आणि चिपळूण मागे पडून घाटाचा चढ सुरू होणार, तोच पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. त्याला भीती वाटली. कठड्याची वाटली आणि त्याहून जास्त ओटीवर बसलेल्या दर्शनाची. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, चाकाखाली दगडाची उटी लावली आणि केबिनमध्ये आडवा झाला. साक्षीदार नाही, शिक्का नाही, पुरावा नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो नुसता झोपला. जाग आल्यावर त्याने तोंड धुतलं, चहा घेतला आणि जन्मात चालवली नव्हती इतकी नीट गाडी चालवत तो वाशीला पोचला. सगळ्या पेट्या पोचल्या. एक दिवस उशिरा.

त्यातली एक पेटी तुमची होती.

तुम्ही ती मोबाइलवरून मागवली होती आणि ती सोमवारी यायची ती मंगळवारी आली. आंबे उत्तम होते, पण सोमवार तो सोमवार. तुम्ही एक तारा दिलात आणि खाली लिहिलंत, 'ड्रायव्हर झोपला होता काय?' लिहून झाल्यावर तुम्हाला थोडं हसूही आलं.

ही तक्रार फिरत फिरत आठवल्यांच्या टेबलावर आली. विनोद पाष्टे झोपला होता, असं एका त्रयस्थ आणि सुशिक्षित नागरिकाने लेखी कळवलेलं पाहून त्यांना गहिवरून आलं. इतक्या आठवड्यांत हा पहिलाच भक्कम पुरावा होता. विनोदची झोप त्यांनी तात्काळ सिद्ध झाली म्हणून नोंदवली. मात्र ती कामाच्या दिवशी घेतलेली, म्हणजे आगाऊ उचललेली होती. ती वसूल करण्यासाठी मोसम संपेपर्यंतचे त्याचे सगळे रविवार रद्द करण्यात आले.

तसं तुम्हाला कळवलंही होतं. 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधित चालकाची यापुढील विश्रांती रद्द केली आहे. आपण समाधानी आहात का?'

तुम्ही 'होय' दाबलंत. पूर्ण निरोप वाचायला तुम्हाला सवड झाली नाही. रविवार होता, आमरस-पुरी अंमळ जास्तच झाली होती, खोलीचे पडदे ओढलेले होते, आणि आता संध्याकाळपर्यंत कुणीही उठवायचं नाही, असं तुम्ही घरात सांगून ठेवलं होतं.