शंख मोठा की कोआला

आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातले गजाननभाऊ नवीन माणसाले नाव-गाव विचारत नाहीत. विचारतात, "तू शंख का कोआला?"

कोआला त्यांनी टीव्हीवर पाहिला. ऑस्ट्रेलियातलं झाडावर राहणारं जनावर, पोटाले पिशवी, पिशवीत पिल्लू, अन् दिवसभर झोप. शंख म्हणजे समुद्रातली गोगलगाय, हेही त्यांनीच सांगितलं. मी जन्मभर देवघरातला शंख फुंकत आलो, आत कोणी राहत होतं हे मले कुठं ठाऊक!

भाऊंचं म्हणणं एकच. "शंखाचं घर सोताचं. पाहुणा नाही, कटकट नाही. कोआल्याले झाड लोकांचं, वरून पोट्टं अंगावर!"

म्हणून लग्न केलं नाही. रेल्वेतून रिटायर झाले, एका खोलीत एकटे राहतात. मी चौथी शिकलो, पण पाच पोरं वाढवली. ठणकावून सांगितलं, "मी कोआला. अन् मले लाज नाही." आठवडाभर आमचं बोलणं बंद.

मग राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं. भाऊंची भाची सुलू नवीन ऑफिसात लागली अन् नागपूरहून आली. नवरा तिकडेच नोकरीले, कडेवर तान्ही पोट्टी.

"मामा, क्वार्टर मिळेपर्यंत राहतो आम्ही."

"शंखात दुसरा मावत नाही, पोरी."

"मग तुम्ही बाहेर झोपा," म्हणे सुलू.

अन् झोपले की हो! दिवसा ती ऑफिसात, पोट्टी मामाजवळ. एका दुपारी पाहतो तर भाऊ गल्लीत चकरा मारून राहिले, पोटाशी गमछा बांधलेला, त्यात पोट्टी.

"काहून हो, शंख?" मी हाक मारली.

"हळू बोला ना! आत्ताच झोपली."

मी जिंकलो होतो, पण हसू आवरून घेतलं.

काही महिन्यांनी सुलूले रायपुरातच, शंकर नगरात क्वार्टर मिळालं. भाऊंनी तिथल्या पाण्याले नावं ठेवली, मच्छरांले ठेवली, शेजाऱ्यांले न पाहताच ठेवली. सुलू म्हणे, "मामा, तुम्हीही चला ना."

"हट्! मी काय लोकांच्या झाडावर राहू?"

सामान त्यांनीच रिक्षात चढवलं. रिक्षा वळली तरी उभेच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात. दाढी केलेली, शर्टाले इस्त्री.

"शंकर नगरले भाजी सस्ती मिळते म्हणतात. ऑटो कुठून भेटते हो?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीचा ठेला रोज उभा असतो. मी तिकडं पाहिलंच नाही, ऑटो कुठं भेटते तेवढं सांगितलं. भाऊ निघाले, अन् पावलागणिक त्यांच्या खिशात खुळखुळा वाजत गेला.