शनिवारची पळी

या, जरा पुढे सरका. मागे ऐकू येत नाही आणि पुढची सतरंजी रिकामी आहे. एका धुराची कथा सांगतो. ज्या घरातून धूर निघतो तिथे माणसं राहतात असं समजावं, आणि ज्या गाडीतून धूर निघतो तिच्याभोवती समिती उभी आहे असं समजावं.

गाडी आमच्या चेन्नईतल्या अंबत्तूरच्या विद्याधररावांची, वय सतरा. विद्याधरराव रेल्वेतून निवृत्त, वय एकाहत्तर. दोघांचीही प्रकृती ठणठणीत आहे, असं दोघांपैकी एक जण सांगत असे. दर रामनवमीला सईबाईंना कीर्तनाला आणण्याचा मान या गाडीचा. सईबाई मूळ तंजावरच्या, आता इथेच राहतात, वय ब्याऐंशी. त्या उभ्या राहून नुसत्या ‘रामा’ म्हणाल्या तरी माझा चष्मा ओला होतो. त्यांना एसी सोसत नाही, आणि मागवलेल्या टॅक्सीवाल्यांना उघड्या खिडक्या सोसत नाहीत. विद्याधररावांचा एसी सात वर्षांपूर्वीच निवर्तला. म्हणून हा मान.

यंदा गाडी निळा धूर सोडू लागली. पाडव्याला आमच्या मराठी मंडळात आणताना तो खिडक्यांतून आत आला आणि सईबाई खोकत उतरल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असा धूर गेला तर आवाज बसेल, आणि या वयात बसलेला आवाज उठत नाही. रामनवमीला आठ दिवस उरले होते.

त्याच संध्याकाळी समिती स्थापन झाली. कार्यकक्षा: धुराचे निदान, निवारण व अल्पोपाहार. अध्यक्ष हेरंब, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यातला इंजिनियर (गेली सहा वर्षं तो फक्त मागच्या दाराच्या कड्या बनवतो, पण कड्या मोटारीच्याच असतात). सदस्य क्षमा, शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीतली. तिने गाडी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितली. धूरही पुन्हा चालू झाला. चिटणीस मी.

समितीकडे एकूण त्रेसष्ट सूचना आल्या. लिंबू-मिरची बदला, सायलेन्सर ठोकून पाहा, गाडीचं तोंड पूर्वेला करा, वगैरे. यांपैकी बॉनेट उघडून दिलेल्या सूचना: शून्य.

अखेर हेरंबने शास्त्र लावलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे आत पाणी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. जळतंय म्हणजे कमी होतंय. कमी होतंय म्हणजे घाला. ठराव एकमताने मंजूर. हेरंबने अर्धा लिटर घातलं. क्षमाला उशीर झाला होता, तिने आल्या आल्या अर्धा लिटर घातलं. मी पदाधिकारी असूनही पाव लिटरवर थांबलो. धूर वाढला. यावरून ऑइल फारच कमी होतं हे सिद्ध झालं.

विद्याधररावांच्या पत्नी विमलाताई दारातून म्हणाल्या, “एकदा मेकॅनिकला दाखवा की.” ही चौसष्टावी सूचना म्हणून नोंदवण्यात आली.

रामनवमीला सकाळी आठ वाजता विमलाताई स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या, विद्याधरराव शेजारी. समिती मागच्या सीटवर मावली. गाडी थांबली ती मेकॅनिक अलमेलूच्या गॅरेजात. अलमेलूने आमचा अहवाल ऐकला नाही. बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली. खुणेच्या कितीतरी वरपर्यंत पट्टी काळी होती.

“पोदुम, सार,” ती शांतपणे म्हणाली. म्हणजे पुरे; जास्त झालेलंच ऑइल जळत होतं. मग तिने विचारलं, कोण, कधीपासून ओततंय?

समिती विद्याधररावांकडे पाहू लागली. त्यांनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. गावाकडे दर शनिवारी ते मारुतीला तेल वाहत. इथल्या देवळात मारुतीला लोणी लावतात आणि वड्यांची माळ घालतात; पुजाऱ्यांनी तेलाची वाटी नम्रपणे परत केली. पन्नास वर्षांची हाताची सवय कुठे नेणार? गेल्या वर्षी ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि हाताला काम मिळालं. तेव्हापासून दर शनिवारी, अंघोळ करून, एक पळी (ऑइल इंजिनचंच, विद्याधरराव भाविक आहेत, भाबडे नाहीत).

“पट्टी बघत होता का?” विमलाताईंनी विचारलं.

“शनिवारी मोजायचं असतं होय?”

अलमेलूने पावणेतीन लिटर जास्तीचं ऑइल काढलं, ऑइलने भिजलेला एअर फिल्टर बदलला आणि सांगितलं की सायलेन्सरमधलं उरलेलं जळेपर्यंत थोडा धूर येईल, मग नाही. आम्ही अंबत्तूरला तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेत मागे नुसता रस्ता दिसला.

सईबाई चारही खिडक्या उघड्या ठेवून आल्या. बारा वाजता पाळणा म्हणाल्या, आवाज सभागृहाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला, आणि माझ्या चष्म्याचं काय झालं ते विचारू नका. प्रसाद घेताना त्यांना सगळी हकिकत कळली. हेरंबच्या पाठीवर हात ठेवून, तमिळमधल्या लाडाच्या हाकेने म्हणाल्या, “अरे, तिला भूक आहे का, एवढं तरी कुणी विचारायचं होतं, कण्णा.”

समिती बरखास्त झालेली नाही. नव्या सूचना घेणं सुरू आहे. निळा धूर म्हटल्याबरोबर तुमच्याही मनात एक उपाय आला होता, तो मी पासष्टावा म्हणून लिहून घेतला आहे; पट्टी बघा असं तुम्हीही म्हणाला नव्हतात. असो. आता घरी जाल. तिथे कुणीतरी नुसता सुस्कारा सोडेल आणि तुमचा हात प्रेमाने पळीकडे जाईल. तेवढा एक क्षण अलमेलूची आठवण ठेवा.