एकही भाग उरता कामा नये

"पाळणा विकत आणायचा? माझ्या नातवंडासाठी? अहो विहीणबाई, पाळणा या घरात तयार होईल! अस्सल सागवान, चार कातीव खांब, आणि तेही चिंतामणीकाकांच्या लेथवर!"

अंबरनाथ पश्चिमेला आपल्या बैठ्या घराच्या ओट्यावर उभं राहून हेमचंद्ररावांनी ही घोषणा केली, तेव्हा बदलापूरच्या विहीणबाई बनूबाई बशीतून चहा पीत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "करा की! आम्ही आपला स्टीलचा घडीचा पाळणा बघून ठेवतो. असावा जवळ. पाऊस नसला तरी छत्री ठेवतोच ना माणूस?"

ही छत्री हेमचंद्ररावांच्या काळजात दांड्यासकट घुसली! मुलगी मीनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बारसं माहेरच्यांनी करायचं, पाळणा माहेरच्यांनी मांडायचा, ही रीत. तिथे नातवंड विहिणीच्या घडीच्या पाळण्यात झोपलं, तर पुढे प्रत्येक लग्नामुंजीत बनूबाई ती घडी उलगडून दाखवणार!

काकांची लेथ नुकतीच वारसाहक्काने आली होती. चिंतामणीकाकांनी उल्हासनगरच्या बाजारात, एका सिंधी शेठच्या गाळ्यात, जन्मभर कातकाम केलं. पलंगाचे पाय, जिन्याचे खांब, लाटणी. काका गेले, शेठने गाळा रिकामा करून मागितला, आणि एके दिवशी टेम्पो दारात उभा राहिला. त्यातून गंजलेल्या लोखंडाचा ढीग उतरला आणि दोन पोती उतरली. गाळ्यात जे जे लोखंड होतं ते सगळं टेम्पोवाल्याने भरून आणलं होतं. फक्त शटर तेवढं मागे ठेवलं, एवढा प्रामाणिक माणूस!

आता लेथ म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. लाकडाचा ठोकळा दोन टोकांना घट्ट धरायचा, मोटरीने गरागरा फिरवायचा आणि त्याला धारदार पटाशी लावायची. लाकूड फिरतं, पटाशी जागेवर राहते, आणि ओबडधोबड ठोकळ्याचं गोल लाटणं होतं. बस, इतकंच! एक बाक, दोन टोकं, एक मोटर, एक पट्टा. लहान मुलालाही कळेल.

पण हेमचंद्रराव लहान मूल नव्हते. ते एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्याचे अधिकारी होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू तपासायच्या आणि परत पाठवायच्या, हे त्यांचं काम. स्वतः त्यांनी आयुष्यात एक खुंटीही ठोकली नव्हती. पण ठोकलेली खुंटी वाकडी आहे, हे ते लांबून सांगत. मंजूर वस्तूला हिरवी चिठ्ठी, नामंजूर वस्तूला लाल. घरातसुद्धा आमटीची पहिली वाटी प्यायल्यावर त्यांचा हात नकळत खिशातल्या चिठ्ठीकडे जाई.

त्यांचा एक सिद्धांत होता. "मालिनी, लक्षात ठेव. यंत्र जोडून झाल्यावर एकही भाग उरता कामा नये! उरलेला भाग म्हणजे झालेली चूक!"

"बरं," त्यांच्या पत्नी मालिनीताई म्हणाल्या. "माझा सोऱ्या पाहिलात का? त्या शेडमध्येच ठेवला होता दिवाळीनंतर."

"मी इथे वारसा जोडतोय, आणि तू चकल्यांचं काय घेऊन बसलीस!"

रस्त्याच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेल्फावरच्या वस्तूंसकट सगळं जमिनीवर मांडण्यात आलं. लेथ पहिल्याच रविवारी जोडून झाली. मोटर लावली, चालली! साध्या माणसाने तिथेच नारळ फोडला असता. पण हेमचंद्ररावांनी मागे वळून पाहिलं. अर्ध्याहून जास्त लोखंड शिल्लक होतं!

"काका काही साधा माणूस नव्हता," ते म्हणाले. "ही लेथ मोठी आहे. आपल्याला वाटते त्याहून खूप मोठी!"

मग सुरू झालं संशोधन. रोज कारखान्यातून आल्यावर ते एकेक भाग हातात घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि नामकरण करत. तीन जाडजूड, खाचा पाडलेले लोखंडी रूळ निघाले.

"लाकूड आत ओढणारे रूळ," हेमचंद्ररावांनी हिरवी चिठ्ठी बांधली.

"बाबा, ही तोटीची परात कशाला?" मीनलने पोटावर हात ठेवून खुर्चीतून विचारलं.

"भुसा गोळा करायला."

"मग तोटी?"

"भुसा ओला असला तर?"

"आणि ही गाळणी?"

"बारीक भुसा, जाड भुसा. वेगवेगळा नको?"

एका मोठ्या चाकाला घुंगरं बांधलेली होती. इथे मात्र हेमचंद्रराव जरा थांबले. पण थोडाच वेळ! "काकांना कमी ऐकू यायचं, आठवतं? मोटर चालू आहे की बंद, ते कळायला ही योजना. काय डोकं होतं माणसाचं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालिनीताईंच्याही आलं, पण त्या पदराआड हसत होत्या.

"अहो, हे खाचांचे रूळ मी कुठेतरी पाहिलेत."

"कुठे?"

"आठवत नाही. पण तिथे बसून गार वाटलं होतं, एवढं आठवतं."

"यंत्राजवळ गार वाटत नसतं, मालिनी!"

वाचकहो, तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. पण हेमचंद्ररावांना दोष देण्यात अर्थ नाही. गणवेश काढलेला हवालदार ओळखू येतो का? तसाच सुटा करून पोत्यात भरलेला उसाचा चरकही ओळखू येत नाही. शिवाय हेमचंद्ररावांनी जन्मात रसवंतीत पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्यावरचं काहीही प्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. रसवंती दिसली की ते लांबूनच माश्या मोजत आणि मान फिरवून पुढे जात.

भाग एकमेकांत बसत नव्हते. साहजिकच होतं! बैलाला घोड्याचं खोगीर बसत नाही. पण कारखान्यातला एक वेल्डर साहेबांसाठी दोन संध्याकाळ आला आणि त्याने लेथ आणि चरक असे एकजीव करून टाकले, की सात जन्मांच्या नवरा-बायकोंनी हेवा करावा. खाचाखाचांतून हेमचंद्ररावांनी पोत्याशेजारी सापडलेल्या पिचकारीने ग्रीस दाबून भरलं. पिचकारी अप्रतिम चालत होती. तिला त्यांनी दोन हिरव्या चिठ्ठ्या बांधल्या. वेल्डर शिमग्याला कोकणात निघून गेला.

आणि मीनलला मुलगा झाला!

बारशाच्या आधीच्या रविवारी प्रात्यक्षिक ठरलं. शेजारीपाजारी जमले. यंत्राला हार घातला. हेमचंद्ररावांनी सागवानाचा खांब, वखारीतून निवडून आणलेला, रुळांच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं.

छुम्! छुम्! छुम्! छुम्!

"ऐका! काकांची योजना!" हेमचंद्रराव ओरडले.

रुळांनी खांब आत ओढला. तेवढं मात्र त्यांनी सांगितल्याबरहुकूम झालं. मग कडाड्, कुर्र, फट्! पलीकडून बाहेर आला तो खांब नव्हता, चोथा होता! सागवानाचा, ग्रीसमध्ये माखलेला, चांगला हातभर लांब चोथा. परातीच्या तोटीतून काळं तेल टपटपायला लागलं. घुंगरं मात्र वाजतच होती.

तेवढ्यात फाटकातून दोन कॉलेजची पोरं आत डोकावली. "काका, दोन हाफ! बर्फ कम, लिंबू जास्ती!"

"आता आठवलं!" मालिनीताई टाळी वाजवून ओरडल्या. "कल्याणला! लग्नानंतर माझ्या भावाने रस पाजला होता!"

हेमचंद्ररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की लाल चिठ्ठ्या संपल्या म्हणूनच त्या वाचल्या असाव्यात. पण बोलायला वेळच मिळाला नाही. पोरांना बाजूला सारत एक धिप्पाड, फेटेवाला माणूस शेडमध्ये घुसला.

"थांबवा! थांबवा त्ये! माझा चरक हाय त्यो! रस्त्यावरनं घुंगरं वळाकली म्या!"

हा हिंदुराव. मूळचा साताऱ्याकडचा. उन्हाळ्यात उल्हासनगरला रसवंती चालवायची आणि पहिला पाऊस पडायच्या आत चरक सोडवून, चिंतामणीकाकांच्या गाळ्यात ठेवून गावी पेरणीला जायचं, ही त्याची वर्षानुवर्षांची पद्धत. यंदा येऊन बघतो तर काका नाहीत, गाळा नाही, चरक नाही! टेम्पोवाल्याला गाठून पत्ता काढत तो अंबरनाथला उतरला होता.

"अहो, पण हे लेथचे भाग..." हेमचंद्रराव म्हणाले.

"लेथ? अवो साहेब, उसाची लाटणी करता व्हय तुमी?" मग त्याने रुळावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "गिरीस! रुळाला गिरीस लावलंय! गिऱ्हाईक मारायचं हाय का माझं? आत्ताच्या आत्ता सोडवा."

सोडवणार कसं? वेल्डर शिमग्याला गेलेला. आणि शिमग्याला गेलेला कोकणी माणूस पालखी नाचवून झाल्याशिवाय परतत नाही. त्याला ब्रह्मदेवही बोलावू शकत नाही. दुसरा कोणी ते काम हातात घ्यायला तयार होईना. एकाने तर विचारलं, "हे केलंय कोणी? मुद्दाम केलंय का?"

"मग माझा शीजन बुडाला त्येचं काय?" हिंदुरावाने फेटा काढून जमिनीवर आपटला. पण वाकता वाकता त्याची नजर मोटरीवर गेली. आजवर तो चरक हाताने फिरवत आला होता. त्याने बटण दाबून पाहिलं. चाक आपोआप फिरलं! त्याने बंद केलं, पुन्हा चालू केलं. फेटा उचलून, झटकून डोक्यावर ठेवला.

"साहेब," तो एकदम मवाळ आवाजात म्हणाला, "जागा रस्त्याला हाय. स्टेशन जवळ हाय. वेल्डर येईस्तोवर हितंच मांडतो की!"

"माझ्या घरात? रसवंती?"

"घरात कुठं? शेडात!"

दोन दिवसांत सोडा आणि उकळत्या पाण्याने रूळ घासून लखलखीत झाले. बाकडी आली, उसाच्या मोळ्या आल्या, माश्या आल्या. ज्या हेमचंद्ररावांनी रसवंती पाहून जन्मभर मान फिरवली, त्यांना आता घरात शिरायला गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढावी लागे. एकदा तर एका बाईने त्यांच्याच हातात रिकामा ग्लास दिला आणि म्हणाली, "धुऊन घ्या हो!"

बारशाचा दिवस उजाडला. पाळण्याचा एकमेव तयार भाग म्हणजे तो चोथा. हेमचंद्ररावांनी सकाळीच बाजाराकडे धाव घेतली, पण आयता सागवानी पाळणा कुठेच मिळेना. दुपारी रिक्षा थांबली. आधी स्टीलचा पाळणा उतरला, मग बनूबाई.

त्यांनी शेड पाहिली. चाक पाहिलं. बाकड्यावर बसलेले आपलेच बदलापूरचे पाहुणे पाहिले. हेमचंद्रराव ओट्यावर खांबासारखे उभे होते. न कातलेल्या खांबासारखे!

"व्याही," बनूबाई म्हणाल्या, "हीच ना ती काकांची लेथ?"

हिंदुरावाने ग्लास पुढे केला. बनूबाईंनी एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली. "गोड आहे. आलं थोडं कमी पडलं." तपासणी संपली! मग त्या आत गेल्या आणि सगळ्यांसमक्ष घडी उलगडली. "घ्या, बाळाला घाला. पाळणा आमचा, घुंगरं तुमची!" फराळाच्या ताटाकडे बघत त्यांनी विचारलं, "चकल्या नाहीत का हो केल्या?"

"सोऱ्याच सापडला नाही," मालिनीताई म्हणाल्या.

"अरेरे! तोही काकांच्या लेथला लागला की काय?"

सगळे हसले. हेमचंद्ररावही हसले, न हसून सांगतात कोणाला! बाळ मात्र घुंगरांच्या तालावर असं गाढ झोपलं, की नाव ठेवतानाही जागं झालं नाही.

वेल्डर पालखी नाचवून, आंबे खाऊन, सावकाश आला. तोवर हिंदुरावाचा हंगाम संपला होता. यंत्रं सुटी झाली. जाताना हिंदुरावाने चरक पोत्यात भरला आणि हात जोडले. "साहेब, काका ठेवून घ्यायचे. तुमीबी ठेवा. सुगी झाली की आलोच शिमग्याच्या सुमाराला."

हेमचंद्ररावांनी ठेवून घेतला. पण पोत्यात जाण्याआधी प्रत्येक भागाला त्यांनी स्वतःच्या हाताने लाल चिठ्ठी बांधली: 'हे आपलं नाही.'

लेथ मोकळी झाली. बाक, दोन टोकं, मोटर, पट्टा. बटण दाबताच लोण्यासारखी फिरली. हेमचंद्ररावांनी अभिमानाने मागे वळून पाहिलं. जमिनीवर एकच भाग उरला होता. ग्रीसची ती पिचकारी, दोन हिरव्या चिठ्ठ्या बांधलेली.

"मालिनी," ते आवाज खाली आणत म्हणाले, "जरा बघ गं. हा भाग कशाचा असेल?"

मालिनीताईंनी तो हातात घेतला, मागचा दट्ट्या दाबला. पुढच्या चांदणीच्या भोकातून काळ्याभोर ग्रीसची सुरेख, काटेरी चकली जमिनीवर उतरली.