प्रथिनसमृद्ध गौरम्मा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमचं पोषण कार्यालय डाळीच्या एका रिकाम्या गोदामात भरायचं. शिक्के अजून उस्मानाबादचेच होते. मी त्यावर काट मारून पेनाने 'लातूर' लिहायचो. मी आवक-जावक लिपिक. त्या साली दुष्काळ असल्यामुळे आवक फक्त कागदांची होती.

चाकूरजवळ दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गौरम्माचे पाय सुजले. सकाळी पापण्या जड व्हायच्या, लघवीला फेस यायचा. कामावरचा कंपाउंडर भुजंग याने लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली, तर ती पांढरी गढूळ झाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तपासून त्याने लिहिलं, "लघवीत प्रथिने जास्त. मोठ्या दवाखान्यात तातडीने पाठवणे." कामावरची जीप आमच्या साहेबांच्या सहीशिवाय हलत नसे, म्हणून कागद आमच्याकडे आला.

विरूपाक्षसाहेबांनी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं आरोग्य खात्याचं असल्याने वाचलं नाही.

"जास्त?" ते उठूनच उभे राहिले. "जिल्हा प्रथिनांवाचून वाळून चाललाय, आणि हिच्या अंगात मावत नाहीत म्हणून सांडतायत?"

गौरम्माला 'अतिरिक्त प्रथिनधारक' ठरवून तिची सुकडी, म्हणजे कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ, बंद करण्यात आली. आदेश मीच टंकला. अक्षर सुबक आलं होतं.

चार दिवसांनी भुजंग तिला घेऊनच आला. "साहेब, मूत्रपिंड म्हंजे चाळणी. ती बिघडली की अंगातलं चांगलं तेच खाली जातंय. बाईचं ब्लडप्रेशर बी लई वाढलंय."

गौरम्मा म्हणाली, "सायेब, फाटक्या चाळणीखाली पीठ लई पडतंय. म्हून घरात पीठ लई हाय, असं म्हणावं का?"

"बाई, विषय तांत्रिक आहे," साहेब म्हणाले.

मात्र भुजंगच्या नळीवर त्यांचा विश्वास बसला. कामावरच्या सगळ्यांची तपासणी झाली आणि आणखी अकरा प्रथिनधारक सापडले. 'दुष्काळातही प्रथिनांचे आधिक्य' असा अहवाल मुंबईला गेला. तिकडून अभिनंदनाचं पत्र आलं, सोबत संपूर्ण कामाची सुकडी बंद करण्याची सूचना. नांदेडकडच्या अधिकाऱ्यांना विचारणा झाली की, तुमच्या लोकांच्या लघवीत काहीच कसं नाही? आदेशात नवं कलम आलं : प्रथिनधारक सुदृढ असल्याने त्यांना दवाखान्यासाठी जीप मिळणार नाही.

मग जनतेपुढे आदर्श म्हणून साहेबांनी स्वतःची तपासणी करून घेतली. नळी दह्यासारखी घट्ट झाली. साहेबांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

गौरम्मा जीपच्या चिठ्ठीसाठी पाचव्यांदा आली, तेव्हा तिला धड उभं राहवत नव्हतं. मला तिची कीव आली, पण कीव कुठल्या नोंदवहीत चढवायची ते ठाऊक नव्हतं. ती साहेबांच्या पायांकडे बघत राहिली. सुजलेल्या पायांत बूट जात नसल्याने ते आठवडाभर चपलेवर येत होते. तब्येत भरली, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

"सायेब," ती हळूच म्हणाली, "तुमची बी चाळणी फाटली की."

साहेबांनी पाय टेबलाखाली घेतले. मग घाम पुसून म्हणाले, "जीप काढा."

मी कलम दाखवलं. खाली सही त्यांचीच होती.

शेवटी भुजंगने डाळीचा एक ट्रक थांबवला. गौरम्मा पोत्यांवर चढली आणि हात देऊन तिने साहेबांनाही वर ओढलं. आमच्या कार्यालयाकडून आजाऱ्यासाठी सुटलेलं ते पहिलं वाहन. मी लगेच जावक नोंदवहीत 'नग दोन' लिहिलं.

महिनाभर झाला, फेस मलाही येतोय. पण मी काही भुजंगकडे गेलेलो नाही. तपासलं तर निघतं, न तपासलं तर माणूस ठणठणीत असतो, एवढं कामकाज मला कळतं. तुम्ही मघापासून हसताय, म्हणजे तुम्हीही तपासून घेतलेलं नसणार.