नारिंगी कातडीची जांभळी

सासऱ्याने चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे ढकलत जाहीर केलं, "यंदा टकल्यावर आपल्याकडून कॉर्विन चढेल," आणि कॉर्विनचा घास घशातच अडकला. जनेलने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाठीत धपाटा घातला. तो जरा जास्तच जोरात बसला, कारण नवऱ्याने काय करून ठेवलंय ते तिला माहीत होतं. तिनेही त्यात हातभार लावला होता.

काय करून ठेवलं होतं ते सांगतो. वायोमिंगमधल्या आमच्या खोऱ्यात पंथ दोनच. देवाचं म्हणाल तर आम्ही जवळजवळ सगळे एकाच चर्चचे, त्यात काही भांडण नाही. भांडण आहे ते स्नोमोबिलचं, म्हणजे बर्फावर रबरी पट्ट्याने पळणाऱ्या गाड्यांचं. लामारच्या दुकानात नारिंगी गाड्या मिळतात आणि रस्त्यापलीकडे डेल्बर्टच्या दुकानात जांभळ्या. पोरगा कुठल्या रंगाचा आहे ते बघून इथे मुली देतात. लामार आणि डेल्बर्ट शाळेत एका बाकावर बसायचे आणि तेव्हापासून एकमेकांना पाण्यात बघतात. आता पाणी सहा महिने गोठलेलं असतं ही गोष्ट वेगळी.

कॉर्विन हा लामारचा जावई. लग्न झाल्यापासून बिचारा सासऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभा होता. लामार सत्तरीला टेकलेला. या वसंतात हंगाम संपला की दुकानाच्या किल्ल्या जावयाच्या हातात ठेवणार, असं त्याने स्वतः सांगितलं होतं. अट अशी काही घातली नव्हती. पण लामारच्या घरातलं माणूस नारिंगीशिवाय दुसऱ्या गाडीवर ढुंगण टेकत नाही, हे सांगावं लागत नव्हतं. त्याच्या सख्ख्या भावाने एकदा सुट्टीत जांभळी भाड्याने घेतली, तर त्याचं नाताळच्या जेवणाचं बोलावणं बंद झालं ते आजतागायत. आणि बॉयसीला लामारचा एक पुतण्या होता, विमा विकायचा. तो दर आठवड्याला फोन करून काकांच्या तब्येतीची चौकशी करायचा आणि जाता जाता दुकानाचीही.

असं असताना कॉर्विनने काय करावं? जांभळी घेतली.

त्याची बाजूही ऐकली पाहिजे. नारिंगी गाडी सरळ चढावर उत्तम, त्याबद्दल वाद नाही. इंजिन असं की उणे तीसमध्येही पहिल्या झटक्याला चालू. पण झाडांत शिरली की म्हैस. वळ म्हटलं की वळत नाही, बसते. आणि छातीभर भुसभुशीत बर्फात गाडी बसली की तुम्ही, तुमचं फावडं आणि तुमच्या शिव्या, एवढीच सोबत. मागच्या सबंध हिवाळ्यात कॉर्विन गाडीवर कमी आणि गाडीखाली जास्त होता. अशात शाळेतले एक मास्तर ॲरिझोनाच्या वाळवंटात नोकरी धरून निघाले आणि जाताना आपली जवळजवळ कोरी जांभळी विकायला काढली. कॉर्विनने ती नुसती बघायला म्हणून चालवली. गाडी जांभळ्यांचीच, पट्टा जरा लवकर झिजतो, तेलही ढोसते. पण उतारावर एका कुशीवर कलंडून झाडांच्या मधून अशी निघते की माणसाला वाटावं, आपणच हुशार आहोत. माणसाला असं वाटायला लावणारी वस्तू परत देता येत नाही.

आता ती सासऱ्यापासून लपवायची कशी? आमच्याकडे गाडीला अंगभर स्टिकर चढवायची पद्धत आहेच. कोणी अस्वलं लावतो, कोणी अमेरिकेचा झेंडा. कॉर्विनने शहरातून नारिंगी कंपनीचे अंगभर स्टिकर मागवले आणि जनेलने केस वाळवायच्या यंत्राने गरम करत एकेक सुरकुती काढून ते बसवले. शिवाय लामारच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कान आयुष्यभर इंजिनं तपासून कामातून गेलेले. दृष्टीआड सृष्टी.

बाकीच्या खोऱ्याचं विचाराल तर आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा मैलावरून आकार बघून गाडी ओळखतं. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं. पण लामारला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. हिवाळा लांब असतो आणि करमणूक थोडी. उलट बर्गरच्या दुकानात लामार दिसला की लोक मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, कॉर्विन, तुझी नारिंगी झाडांत काय वळते रे. लामारची छाती फुगायची आणि कॉर्विन बर्गरमध्ये तोंड खुपसायचा. जानेवारीत तर लामार ती गाडी हट्टाने घेऊन एकटाच वर जंगलातल्या केबिनपर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा गाल लाल झालेले, आणि त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मग म्हणाला, "यंदा आपल्या कंपनीने मेहनत घेतलीय." त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायला लागला की जावयाची गाडी बघा, मग बोला.

आणि आता टकल्या. टकल्या म्हणजे गावामागचा डोंगर, वरून सपाट पांढरा आणि कमरेला झाडांची झालर. हंगामातल्या शेवटच्या शनिवारी एक नारिंगी आणि एक जांभळी त्याच्यावर चढते. ज्याच्या पट्ट्याची खूण जास्त वर राहील तो जिंकला. पुढच्या वर्षीच्या गाड्यांचं बुकिंग त्यानंतर आठवडाभरातच बंद होतं, म्हणून अर्धं खोरं हा निकाल बघूनच रंग ठरवतं. आणि हरलेल्या दुकानदाराने जिंकलेल्याचा बॅनर सबंध उन्हाळा स्वतःच्या दारावर टांगायचा, ही रीत आहे. लामारने सलग दोन उन्हाळे जांभळ्या बॅनरखालून वाकून दुकानात पाऊल टाकलं होतं. तिसरा उन्हाळा सोसणार नाही, असं त्याने बटाटे वाढता वाढता सांगितलं. आणि चढायचं ते कॉर्विनच्या त्याच गाडीवर, दुसरी कुठलीच चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट मागच्या दाराने दुकानात आला. लामारच्या दुकानात त्याने पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ, म्हणून तो आधी नारिंगी पायपुसण्याला पाय पुसून आला.

"तू हरायचंस," तो म्हणाला.

"का म्हणून?"

"अरे, तू जिंकलास तर माझ्याच गाडीने मला हरवलं असं होईल, आणि त्याचा बॅनर मी टांगायचा? मला काय वेड लागलंय?"

"आणि हरलो तर? बाबा तिसऱ्यांदा तुमचा बॅनर टांगतील. मग किल्ल्या गेल्या बॉयसीला."

"तो तुझ्या घरचा प्रश्न. पण जिंकलास, तर सगळ्यांसमोर या नखाने स्टिकर सोलून दाखवतो." डेल्बर्टने अंगठ्याचं नख दाखवलं. ते बघण्यासारखंच होतं.

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. कॉर्विनने बिशप वॉनकडे जाऊन मन मोकळं केलं. बिशप वॉन आमच्या चर्चचे प्रमुख, एरवी नळदुरुस्तीचं काम करतात, आणि टकल्यावरचे पंचही तेच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की खोटं बोलणं हे पाप आहेच. मात्र मला स्वतःला आजवर कोणी थेट विचारलं नाही, म्हणून मी अजून स्वच्छ आहे, आणि शनिवारपर्यंत कृपा करून विचारू नकोस. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काही तुंबलं असेल तर मात्र सांग.

मग कॉर्विनला युक्ती सुचली. दुकानातली खरीखुरी नारिंगी काढायची, तिला तेच स्टिकर चढवायचे आणि हीच माझी गाडी म्हणून चढायचं. म्हाताऱ्याला कुठे दिसतंय? डेल्बर्टलाही बोलायला जागा राहणार नाही. जिंकणं-हरणं मग नशिबावर. युक्ती चांगली होती. पण त्याच दुपारी आयडाहोच्या इस्पितळातून जनेलचा फोन आला. मोतीबिंदूसाठी लामारचं नाव हिवाळाभर यादीत अडकलं होतं, ते अचानक लागलं होतं आणि ती वडिलांना घेऊन गेली होती.

"अरे ऐक," ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबांना दिसायला लागलंय."

"किती?"

"मला बघितलं आणि म्हणाले, तुझे केस पिकले की गं. सगळं दिसतंय."

डॉक्टरने काळा चष्मा दिला, आणि महिनाभर स्नोमोबिलला हात लावायचा नाही असं बजावलं. पण डॉक्टर पडला आयडाहोचा, त्याचं इथे कोण ऐकतो. लामारने घरी येताच कॉर्विनची गाडी स्वतःच्या गॅरेजात नेली, स्पर्धेची तयारी करतो म्हणाला आणि आतून कडी लावली. शनिवारपर्यंत कॉर्विनला ती गाडी दिसली नाही आणि झोपही लागली नाही. कोणत्याही क्षणी दार उघडेल आणि सासरा कानाला धरून बाहेर काढेल, याची तो वाट बघत होता. दार उघडत नव्हतं. जनेल म्हणाली की आपण आधीच जाऊन सांगून टाकू. कॉर्विन तीनदा सांगायला म्हणून गेला आणि तिन्ही वेळा हवामानावर बोलून परत आला.

शनिवारी सकाळी टकल्याखाली सबंध खोरं जमलं होतं. घड्यांच्या खुर्च्या, थर्मासमधून गरम चॉकलेट, आणि यंदा गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट, कारण काहीतरी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आधी डेल्बर्ट चढला. सत्तरीचा माणूस, पण झाडांच्या झालरीतून आरपार गेला आणि टकलावर बरीच वर खूण उमटवून आला. मग लामारने ट्रेलरवरून गाडी उतरवली. भर उन्हात ती नारिंगी चकाकत होती, आणि तिचा आकार मात्र शंभर टक्के डेल्बर्टच्या गाडीसारखा. दोन्ही शेजारीशेजारी उभ्या. लोकांनी खुर्च्या पुढे सरकवल्या. कॉर्विन हेल्मेट घालून पुढे झाला, ते एका परीने बरं झालं, चेहरा तरी झाकला गेला.

"काढ ते," लामार म्हणाला. "मी चढतो."

कोणी काही बोलायच्या आत म्हातारा गाडीवर उभा होता. एक पाय गाडीच्या पायफळीवर, दुसरा हवेत, गाडी एका कुशीवर. असा तो झाडांतून गेला की खाली बसलेल्यांना नुसतं उडणारं बर्फ दिसलं. वरच्या पांढऱ्यावर नारिंगी ठिपका चढत राहिला, चढत राहिला. बिशपनी दुर्बीण खाली घेतली आणि नाइलाजाने सांगितलं की लामारची खूण वर आहे, चांगली वर आहे.

डेल्बर्ट तयारच होता. लामार खाली येऊन उतरतो न उतरतो तोच त्याने नख लावलं आणि फर्रकन हातभर स्टिकर सोलला. खाली जांभळा रंग. लोकांनी "अगंबाई" असं काही केलं की नाताळच्या नाटकात इतका चांगला अभिनय आमच्याकडे कधी झाला नाही.

"बघा सगळे," डेल्बर्ट म्हणाला. "ही गाडी माझी आहे. जांभळी."

लामारने काळा चष्मा काढला. सोललेल्या जागेकडे बघितलं, मग डेल्बर्टच्या गाडीकडे बघितलं.

"म्हणजे दोन्ही गाड्या तुझ्याच?"

"दोन्ही माझ्याच."

"फरक फक्त स्टिकरचा?"

"फक्त स्टिकरचा."

"मग डेल्बर्ट," लामार शांतपणे म्हणाला, "तुझी गाडी वर चढायला माझे स्टिकर लागतात, हे बुकिंगच्या आठवड्यात सगळ्यांसमोर कबूल केलंस ते बरं झालं."

आधी बिशप हसले. पंचांनी हसायचं नसतं, पण ते हसले, आणि मग कोणालाच आवरेना. डेल्बर्ट काहीतरी समजावत होता, पण जितकं समजावत होता तितकं अंगाशी येत होतं. शेवटी बिशपनी डोळे पुसत निकाल दिला की खूण लामारची आहे, रीत ही रीत, डेल्बर्टने बॅनर टांगावा. सोमवारी लामारच्या दुकानात बुकिंगसाठी रांग लागली. त्यातल्या निम्म्यांनी नुसते स्टिकर मागितले.

पण त्या शनिवारी घरी परतताना ट्रकमध्ये कॉर्विन हातातलं हेल्मेट नुसतं फिरवत बसला होता. सासरा गाडी हाकत होता. शेवटी कॉर्विन म्हणाला, "बाबा, चुकलं माझं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर कळलं ना तुम्हाला?"

"ऑपरेशन डोळ्यांचं झालंय, ढुंगणाचं नाही," लामार म्हणाला. "जानेवारीत बसलो तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू ती विकली असतीस. मग मला परत कधी मिळाली असती बसायला?"

लामार पुढे जे बोलला ते कॉर्विनने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सबंध आयुष्य नारिंगी विकली, म्हणून सबंध आयुष्य नारिंगी चालवली. दर हिवाळ्यात डेल्बर्टला झाडांतून नाचत जाताना बघितलं आणि स्वतः सरळ वर गेलो, सरळ खाली आलो. जीव जळायचा. पण दुकानदाराने दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं म्हणजे स्वतःच्या दाराला टाळं लावायचं. हे बोलताना म्हाताऱ्याचा आवाज जरा ओला झाला. कॉर्विनला इतकं वाईट वाटलं आणि इतकं हलकंही वाटलं की त्याने सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

लामारने ट्रक स्वतःच्या गॅरेजसमोर उभा केला, खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कॉर्विनच्या मांडीवर टाकला.

"घे. आजपासून मी निवृत्त. दुकानदार तू."

"बाबा..." कॉर्विनचे डोळे भरून आले.

"रड नंतर. आधी सांग, दुकानदार काय चालवतो?"

कॉर्विनने मान वळवली. मागे ट्रेलरवर त्याची गाडी उभी होती, एका बाजूने सोललेली.

"नारिंगी," तो म्हणाला.

"शहाणा आहेस," लामार म्हणाला, आणि जांभळी आपल्या गॅरेजात उतरवून ठेवायला त्याने जावयालाच लावलं.